उसनी नळी

मूल तालुक्यातल्या एका गावातले एक भाऊ बांबू तोडायला गेले आणि कुऱ्हाड स्वतःच्याच मांडीवर घालून बसले. घरच्यांनी जखमेच्या वर दुपट्टा करकचून आवळला आणि त्यांना आमच्या लहानशा दवाखान्यात आणलं. रक्त थांबलं होतं, पण पायाची मुख्य रक्तवाहिनी तुटली होती. पाऊल माठासारखं गार लागत होतं. भाऊंचा सगळा संसार धानाच्या चिखलात उभं राहण्यावर होता.

नागपूरचे तज्ज्ञ फोनवर म्हणाले, इथे पोचेपर्यंत पाय जाईल, तात्पुरती नळी टाकून पाठवा. हे काम मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. अर्थात, ते भाऊंना सांगितलं नाही.

भूल कमरेखालीच दिलेली, त्यामुळे भाऊ टक्क जागे. मी मोठ्या विद्वत्तेने समजावलं: तुटलेल्या दोन तोंडांमध्ये सलाइनच्या नळीचा तुकडा बसवायचा, दोऱ्याने बांधायचा, पक्की जोडणी नागपूरला.

"बांध फुटला का आमी पाइप टाकून पानी नेतो, तसंच ना?" भाऊ म्हणाले. "मंग तुमाले घाम काऊन येऊन राह्यला, डाक्टरबाई?"

सिस्टर मास्कआड हसली. मला असा राग आला की सिस्टरला आमच्या मधे पडदा ओढायला लावला आणि रक्तवाहिनीला चिमटे लावून कामाला लागले.

नळी बसवून मी चिमटे सोडले. पाऊल बराच वेळ पांढरंफटकच राहिलं. मग बोटं हळूहळू गुलाबी झाली. मी तळव्याला हात लावला, तो कोमट होता. माझे डोळे भरून आले. मधे पडदा होता म्हणून भाऊंना दिसलं नाही, नाहीतर त्यावरही बोलले असते.

धान निघाल्यावर भाऊ आले, जरा लंगडत, पण दोन्ही पायांवर. हातात डबा. आमच्याकडे उसनी वस्तू रिकाम्या हाताने परत करत नाहीत. डब्यात नवे तांदूळ आणि त्यावर पिशवीत गुंडाळलेली ती बोटभर नळी. नागपूरच्या डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी ती मिळवली होती.

"धुतली हाय चांगली. दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

अशी नळी पुन्हा वापरत नाहीत. तरी मी दोन्ही हातांनी ती घेतली.

मग भाऊंनी चप्पल काढून पाय पुढे केला. "पाहा, गरम हाय का."

मी हात लावला. या वेळी मधे पडदा नव्हता.