चाकं वेल्ड करावीत

माझे बाबा लखनऊला आल्यापासून लिफ्टमध्ये सरळ कधी शिरलेच नाहीत. आधी दाराच्या चौकटीवर तीन ठोके देतात आणि थांबतात. आतून माझी लेक उलट तीन ठोके देते, "आ जाइए, आबा," म्हणते, मगच पाऊल आत. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत त्यांनी जन्मभर डोली चालवली, म्हणजे माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा. घंटेचे तीन ठोके म्हणजे माणसं चढतायत. इंदिरा नगरातले शेजारी हसतात. हसोत बापडे.

खाण केव्हाच बंद पडली. उरला तो तिच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा आणि त्यावरची दोन मोठी चाकं, ज्यांच्यावरून डोलीचे दोर जायचे. तो भंगारात न घालता वारसा म्हणून जपायचं ठरलं, आणि खाणीच्या कॉलनीतलीच पोरगी इंजिनिअर आहे म्हणून त्यासाठी नेमलेल्या समितीनं माझं मत मागितलं. मी इथे मानक नगरच्या रेल्वे ऑफिसात बसून पूल तपासते, मनोरा म्हणजे हातचा मळ! एका रविवारी ड्रॉइंग पाहिली आणि लिहून दिलं: गंज खरवडावा, पाया भरावा, चाकं वेल्ड करावीत. लोकांच्या डोक्यावर हलणारं काही ठेवायचं नाही, ही आमची सवय. बाबांना विचारलंसुद्धा नाही.

जूनमध्ये त्यांना उद्घाटनाचं बोलावणं आलं. ते मलिहाबादचा दशेरी आंबा चोखत बसले होते. हात न धुताच म्हणाले, "चाक फिरवतील ना वं? एकदा तरी?"

मला ठसकाच लागला.

"तुझी आई चाकाकडे पाहूनच भात टाकत जाय," ते म्हणाले. "चाक फिरलं की साऱ्या कॉलनीला समजे, माणसं वर येऊन राहिली."

हे काय मला ठाऊक नव्हतं? ज्या दिवशी चाक थांबलेलं असे, त्या दिवशी आई चुलीपाशी नाही, दारात उभी असायची. तरी लिहिताना माझा हात अडखळला नाही. स्वतःचाच असा संताप आला! शहाणी कुठली!

चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसात फाइल उघडायची, मिटायची, चहा गार करायचा. पाचव्या दिवशी समितीला फोन लावला: वेल्डिंग थांबवा, बेअरिंगला ग्रीस भरा, उद्घाटनाला चाकं फिरवा, एरवी त्यांना कुलूप घाला, मी नवा रिपोर्ट देते.

"मॅडम, तुमच्याच कागदावर काम चालू आहे," पलीकडचा म्हणाला. "एक चाक कालच पक्कं केलं."

संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला निघालो. लेक लिफ्टमध्ये शिरली, बाबांनी ठोक्यांसाठी हात उचलला, आणि मला राहवेना. "बाबा, चाकं वेल्ड करा असं मीच लिहिलं होतं. एक गेलं. आता एकच फिरेल."

त्यांचा हात तसाच राहिला. आतून लेकीनं तीन ठोके दिले. "आबा, आइए ना!" ते हलले नाहीत. दार मिटलं आणि ती एकटीच खाली गेली.

"मला काऊन नाही विचारलं वं?"

मला रडू आलं. ते बंद दाराकडे बघत उभे होते.

"एक फिरते ना?"

"हो."

"मग आत्ताच लिही त्यायले. डोली वर येताना फिरते तसं फिरवा म्हणा. उलटं फिरवलं तर माणसं खाली जातात."