दारातली चांदणी

आलापल्लीला आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी कॉलेजसाठी राहायची. रविवारी चर्चमधून सायकलवर परतताना तिच्या आधी तिचं गाणं घरी पोचायचं. पेपर कठीण जावो की भाजी करपो, ती म्हणायची, "होऊन जाते नं बाई, काऊन टेन्शन घेता?" तिखट-मीठ लावलेला पेरू खाताना तर डोळेच मिटून घ्यायची.

नाताळ जवळ आला तशी तिनं बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद घेऊन मोठी चांदणी केली, आत बल्ब बसवला आणि दारावर टांगली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंचा नवरा गेला. तिला कोणी काही म्हटलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी चांदणी लागली नाही. ती काकूंजवळ बसून होती. मग रोजच जाऊन त्यांचं पाणी भरून देऊ लागली.

नाताळच्या संध्याकाळी काकू स्वतःच आमच्या अंगणात आल्या.

"पोरी, अंधार काऊन करून ठेवला वं? जायच्या आदल्या रात्री ते मले म्हनत होते, पोरीनं काय मस्त चांदणी बनवली."

तिनं काकूंना हाताला धरून खोलीत नेलं आणि चांदणीचं बटण त्यांनाच दाबायला लावलं.