लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह

आमच्या व्याह्यांएवढे कॉम्प्युटरचे लाड करणारा माणूस महागाव तालुक्यात दुसरा झाला नाही. तेव्हा ब्राउझरात व्हिडिओ दिसायला एक प्लगइन लागे आणि ते सारखं जुनं होई. नवं आलं की व्याही आंघोळ करून, पिशवी घेऊन निघत. माझ्या घरी विंडोज, त्यांच्याकडे लिनक्स, भाच्याकडे मॅक. तिघांची फाइल वेगळी म्हणून पेन ड्राइव्हही तीन. विंडोजच्या गळ्यात लाल दोरा, लिनक्सच्या पिवळा, मॅकच्या पांढरा. "कपाशीचं औषध तुरीवर मारता काय तुम्ही?" ते मला विचारत. आधी जुनं काढायचं, मगच नवं टाकायचं. मधल्या वेळात चहा दिला तर म्हणत, "मशीनचं पोट रिकामं, अन् मी चहा पिऊ काय?"

एकदा आमची नात पुण्याच्या कॉलेजात गाणार होती. अकरा वाजता ते कॉलेजच्या साइटवर दिसणार होतं. व्याही आदल्या दिवशी नव्या फाइली भरलेली पिशवी माझ्याकडे ठेवून राजूरला मयतीला गेलते. सकाळी पडद्यावर पाटी आली. सुनेनं वाचलं, प्लगइन जुनं झालं. ती मशीनसमोर बसायला लागली तर मी म्हणालो, तू स्वयंपाक पाह्य, हे माझं काम आहे. फोनवर व्याही म्हणाले, "लाल दोऱ्याचा लावा."

"दोरा कायले पाहू? मले वाचता येते," म्हणून मी फोन ठेवला.

मी दुसरीपर्यंत शिकलो. इंग्रजीचं एक अक्षर मला येत नाही. जुनं काढायची बटणं मात्र पाहून पाहून पाठ होती, ते काढलं. मग सून बघते म्हणून पेन ड्राइव्हवरची नावं वाचल्यासारखं केलं आणि दोऱ्याकडे न पाहता हाताला आला तो लावला. तो पिवळा होता. फाइल उघडेना. आता बदलून लाल लावला असता, तर मघाशी काही वाचलंच नव्हतं हे सुनेला कळून माझं बिंग फुटलं असतं. तसाच बसून राहिलो. अकरा वाजून गेले.

व्याही बसस्टँडवरून पळत आले तोवर गाणं संपलं होतं. सून बापावरच चिडली. "बाबा, तुमच्याच फाइलीत काही गोंधळ असन."

मशीनला लोंबणारा पिवळा दोरा व्याह्यांनी पाहिला. पेन ड्राइव्ह मुठीत झाकून काढला. "हो बाई, मीच चुकलो."

मी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

आता ते प्लगइनच बंद झालं, व्हिडिओ आपसूक चालतात. परवा त्यांच्या घरी गेलतो. पिशवी अजून खुंटीला आहे.

"त्या दिवशी मी पिवळा लावलता," मी म्हणालो.

"मालूम आहे."

"मले वाचता येत नाही, व्याहीबुवा."

"तेही मालूम आहे. मले त इंग्रजी येते. मंग दोरे कोणासाठी बांधले असन?"

त्यांनी चहा पुढे केला. मी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढले. दोऱ्यांचा रंग उडून तिन्ही आता सारखेच दिसतात. लाल कोणता, ते मी त्यांना विचारून घेतलं.