नार्नूरला शेरवानी उतरवली तेव्हा

गड्यांनो, आत्ताच नार्नूरहून आलोय. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज मुलगी पाहायला गेलो होतो. रुबाब दिसावा म्हणून मित्राची काळी शेरवानी अन् रुमी टोपी चढवली, अगदी सरकारी अंमलदारासारखी. आत्या गाडीनं येत होती, पण मला कुठला धीर? मी पायवाटेनं पुढं पळालो.

अंगणात पाऊल टाकलं, तर मुलीच्या बापानं घाईघाईनं बैल सोडून रानाकडे हाकलले! कपड्यांवरून त्याला वाटलं, सरकारी कचेरीचा माणूस वेठीला गाडी-बैल न्यायला आला.

"हुजूर, आमच्या घरी बैलच नाईत," तो हात जोडून म्हणाला. मुलगी पाहायला आलोय म्हणून मी कितीही विनवलं तरी घरातलं कुणी जवळ बसेना. वाटलं, सोयरीक गेली.

तेवढ्यात आत्या पोचली. "काऊन रे, पोरगी पाह्याले आला का बैल न्याले? काढ ते!"

शेरवानी काढली. आत आत्यानंच शिवलेली निळी बंडी होती. बाप हसत शेजारी टेकला, पानाचा डबा सरकवला. दारामागून मुलगी आईला म्हणाली, "आता माणूस दिसून राह्यला." होकारही तिथंच मिळाला.

आत्या, तुझे उपकार कसे फेडू? मी रुबाबासाठी गावोगाव लोकांचे कपडे न्याहाळत फिरलो, अन् मला शोभणारं तू कधीच शिवून ठेवलं होतंस.

गड्यांनो, काय घातलं की लोक तुमच्याजवळ येऊन बसतात?