बोईसरच्या जपानी बाई

"वह्या मिटा. आधी ऐका," असं म्हणून बाई उजवा तळवा टेबलावर सपाट ठेवायच्या आणि आमच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मग वर्ग सुरू व्हायचा.

कारखान्यात सगळे त्यांना 'जपानी बाई' म्हणत. होत्या मूळच्या पालघरच्या. सुती पातळ, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत छत्रीबरोबर दोन-चार चिकू. अशी बाई बाजारात भेटली असती, तर तुम्ही-मी तिला भाजीचा भाव विचारला असता. जपानीतला शब्द काही विचारला नसता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्या कारखान्यात जपानहून नवी यंत्रं यायची होती. ती शिकून घ्यायला काही कामगारांना सहा महिने तिकडे पाठवणार होते. पण कामापुरतं जपानी बोलता यायला हवं, ही अट. पहिले शिक्षक मुंबईहून यायचे. ते इंग्रजीतून शिकवत आणि फळा भरून तक्ते लिहीत. ज्यांना जमलं ते पुढे गेले. आम्ही पाच जण मागे राहिलो. मी बेटेगावचा, फिटर. माझ्या शेजारी दांडीचा जगन, कोळ्याच्या घरचा. तो म्हणायचा, "माजी जीभ सुक्या बोंबलासारकी हाय. नाय वळायची ती." शेवटची संधी म्हणून आम्हाला बाईंच्या हवाली केलं. दिवाळीनंतर तोंडी परीक्षा. त्यात नापास झालो की यादीतून नाव कायमचं जाणार.

पहिली पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये वर्ग भरायचा. पहिल्याच दिवशी बाईंनी आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "थकलात ना? मग झोपा."

आम्हाला वाटलं, टोमणा आहे. पण त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. आम्ही टेबलावर डोकी ठेवली. वर पंखे संथ फिरत होते. पलीकडच्या यंत्रांची घरघर भिंतीतून अंगात उतरत होती आणि खिडकीतून समुद्राकडचा खारट वारा येत होता. बाई हळू आवाजात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "युरायुरा... युरायुरा..." मला वाटलं, बाक माझ्यासकट कुठेतरी तरंगत निघालाय.

जगन झोपेतच पुटपुटला, "बाई, होडी डुलते तसं वाटतंय."

"तेच आहे ते," बाई म्हणाल्या. "होडी डुलते, टांगलेला दिवा हलतो, ते युरायुरा. पाण्यावर ऊन चमकतं ते किराकिरा. पाऊस कोसळतो तो झाझा. आपल्याकडे झुळझुळ आणि रिमझिम आहे ना, तसंच."

त्या स्वतः अशाच शिकल्या होत्या. तरुणपणी मुंबईत एका जपानी कुटुंबातल्या दोन लहान मुली सांभाळायच्या. मुलींना झोपवताना मुलीच यांना शब्द सांगायच्या. म्हणून बाईंचं सगळं जपानी जरा पेंगुळलेलं, मऊ होतं.

व्याकरणाची भीती त्यांनी एका दुपारी घालवली. "इंग्रजी दाराबाहेर ठेवा. वाताशि वा मिझु ओ नोमिमास. मी पाणी पितो. पितो कुठे आलं?"

"शेवटी."

"आणि मराठीत?"

"शेवटीच."

"मग घाबरता कशाला? आता हे बघा. कोरे वा साकाना देस का? हा मासा आहे का?"

जगन ताठ बसला. "बाई, हा 'का' तर आपलाच हाय की वो!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून जगनने कुणाला सोडलं नाही. पेला उचलून तो कँटीनवाल्याला विचारायचा, "कोरे वा चहा देस का?" कँटीनवाला वैतागून म्हणायचा, "चाय ही है भाई, और क्या है?" अक्षरं तो दांडीच्या वाळूत बोटाने गिरवायचा. 'शि' म्हणजे गळ, 'कु' म्हणजे बगळ्याची उघडी चोच. ओहोटीला लिहायचं, भरतीला पुसून जायचं.

उच्चारासाठी टिचक्या होत्या. प्रत्येक आवाजाला बोटाने टेबलावर एक टिचकी. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. "एक टिचकी खाल्लीत की आजीची मावशी होते," बाई म्हणायच्या. चूक त्या अचूक पकडत. आम्हाला वाटायचं, काय तिखट कान आहेत!

श्रावणात एकदा त्या फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या. अचानक भोंगा वाजला. आमच्या भागात भोंगा अवेळी वाजला, की धोका समजून आधी उठून बाहेर पळायचं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आम्ही दाराशी पोचलो आणि मागे पाहिलं. बाई तशाच लिहीत होत्या. भोंगा छपरावरच होता, भिंती थरथरत होत्या आणि त्या शांतपणे रिकाम्या बाकांना शिकवत होत्या.

जगन परत गेला आणि त्याने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्या वळल्या. बाक पाहिले, आम्हाला पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला.

तो भोंगा सरावाचा होता. पण बाहेर आंब्याखाली उभं असताना त्यांनी सांगून टाकलं. डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही जात होता. त्या ओठ वाचायच्या आणि टिचक्या टेबलावर ठेवलेल्या तळव्याने मोजायच्या.

"साहेबांना सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "पण माझ्याशी जपानी बोलणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही बोलता तोवर ते आवाज मला आठवतात. पुढचं माहीत नाही."

जगन त्यांच्यासमोर, तोंड नीट दिसेल असा उभा राहिला. "बाई, परीक्षेपत्तुर कोनी काय बोलनार नाय. आमी हाय ना."

त्यानंतर आम्ही बदललो. एकावेळी एकच बोलायचा, उजेडाकडे तोंड करून, स्पष्ट. त्यांच्यासाठी म्हणून करायला लागलो आणि आमचंच जपानी सुधारलं.

परीक्षेला जपानहून एक इंजिनिअर आले. मिशा ओठांवर आलेल्या, आवाज अगदी खालचा. बाईंनी दुभाषी म्हणून शेजारी बसायचं होतं. इंजिनिअरांनी पहिला प्रश्न विचारला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या मिशांखालचं एक अक्षरही दिसत नव्हतं.

पहिला नंबर जगनचा होता. तो बाईंकडे वळला, इंजिनिअरांचा अख्खा प्रश्न सावकाश पुन्हा म्हणाला, शेवटी 'असंच ना?' अशा अर्थी 'देस का?' लावलं आणि मग उत्तर दिलं. बाईंनी मान हलवली आणि पलीकडे बसलेल्या आमच्या साहेबांना मराठीत अर्थ सांगितला. मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं. आधी प्रश्न बाईंना, मग उत्तर इंजिनिअरांना.

इंजिनिअर खूश झाले. ते बाईंना काहीतरी म्हणाले, तेही जगनने पुन्हा म्हटलं आणि बाईंनी सांगितलं, "हे म्हणतात, ही माणसं आधी खात्री करून घेतात, मग बोलतात. यंत्रावर अशीच माणसं हवीत."

पाचांतले चार पास झालो. त्याच संध्याकाळी बाईंनी साहेबांना कानांचं खरं सांगितलं आणि नोकरी सोडली.

जपानमध्ये आम्हाला बर्फ भेटला. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या आजीबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवून एक शब्द शिकवला, 'शिनशिन'. अजिबात आवाज न होता बर्फ पडत राहतो, तो तसा. मी आणि जगन कितीतरी वेळ त्या खिडकीशी उभे होतो. दोघांच्याही मनात एकच माणूस होतं.

परतल्यावर पालघरला त्यांच्या घरी गेलो. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. जगनने समोर बसून तो शब्द सांगितला, अर्थ सांगितला. त्यांना तो ठाऊक नव्हता. मुंबईतल्या मुलींनी बर्फ पाहिलाच नसेल. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. जगन म्हणत राहिला आणि त्या त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे याला शब्द आहे."

पुढच्या वर्षी त्या नाशिकला भाचीकडे राहायला निघाल्या. एकटं राहणं अवघड झालं होतं. आम्ही पालघरच्या एसटी स्टँडवर सामान चढवून दिलं. त्या खिडकीत बसल्या. गाडी सुरू झाली आणि त्या आवाजात त्यांनी आमच्याकडे बघून ओठ हलवले. स्वतःचाही आवाज कळत नसल्याने तो त्यांनी काढलाच नसावा. पण आम्हाला नीट दिसलं. 'इत्ते किमास.' जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो ते. जाऊन येते.

आम्ही दोघं भर स्टँडवर ओरडलो, "इत्तेराश्शाइ!" या जाऊन.

लोक वळून बघायला लागले. बाईंनी आमचे ओठ वाचले, मान हलवली, आणि एसटी मनोरच्या रस्त्याला लागली.