बॉनेटची पट्टी आणि दोन बोटं

नोकरीत साहेबांनी एक पैसाही खाल्ला नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि ते खरंही होतं. ते खात ते फक्त लोकांचं डोकं. वाहन तपासणी केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्यांची पद्धत कधी बदलली नाही. गाडी समोर आली की तिच्याभोवती एक फेरी मारायची, मग अंगठा आणि पहिलं बोट एवढ्याच दोन बोटांत आरसा, बंपर, नंबरप्लेट, जे सापडेल ते धरायचं आणि ओढायचं. हलकेच नाही, चांगलं ओढायचं. हललं की कागदावर ‘सुटा भाग, अपात्र’ असं लिहून पुढच्या गाडीकडे वळायचं. ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागे ‘दोन बोटं’ म्हणत. आज खुर्चीवर कोण आहे असं कुणी विचारलं आणि रांगेतल्या पहिल्याने नुसती दोन बोटं वर केली, की मागचे चार जण गाडी वळवून घरी जात.

एका दूधवाल्याचा टेम्पो त्यांनी बॉनेटवरच्या पट्टीपायी नापास केला होता. इंजिन ठणठणीत, ब्रेक नवे, पण बॉनेटच्या पुढच्या कडेची चकचकीत पट्टी एका टोकाला कागदाइतकी उचललेली. संध्याकाळपर्यंत बसवून आणतो म्हणून त्याने गयावया केली. साहेबांनी त्याला आठवड्यानंतरची तारीख दिली. आठवडाभर त्या माणसाने सायकलवरून दूध घातलं. साहेबांच्या घरीही तोच दूध घालायचा. ते उशिरा येतं म्हणून साहेबांनी त्याच्याकडे तक्रारही केली.

साहेब निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. कुणाकडे गेले की दाराची कडी ओढून बघत, दवाखान्यात बाकाची पाठ हलवून बघत. मला बघायला पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा यांनी आधी टेबलाचा पाय हलवून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक हसत. ती हसत नसे.

मग एकदा वेळ त्यांच्यावरच आली. घरची गाडी पंधरा वर्षांची झाली होती. तिचे कागद गुरुवारी संपत होते आणि तपासणीची वेळ मिळाली तीही गुरुवारीच, दुपारच्या आत. पास झाली तर पुढची पाच वर्षं काळजी नव्हती. नाही झाली तर पुढची तारीख महिन्याने, आणि तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. साहेबांना गाडीची तशी काही गरज नव्हती. गरज होती बायकोला. तिची थोरली बहीण तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी ही जाऊन तिला आंघोळ घालायची, केस विंचरायची, धुतलेला झगा चढवायची. ताई आता फारसं बोलत नसे, पण गुरुवार बरोबर ओळखायची, आणि उशीर झाला तर दाराकडे बघत रडायची. बस ताईच्या दारावरून जायची, पण बसची पायरी उंच आणि हिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

मंगळवारी गाडी पुसताना साहेबांच्या बोटांना बॉनेटची पट्टी लागली, आणि हलली. त्यांनी कपाटातला गोंद आणून ती चिकटवली आणि सुकल्यावर ओढून पाहिली, तर गोंद तेवढा बोटांना चिकटला. बुधवारी सकाळी, ज्याच्या हातच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं परत पाठवल्या, त्याच फिटरच्या दारात त्यांना जावं लागलं. फिटरने आधी साहेबांकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि झालेला आनंद लपवायचे कष्टही घेतले नाहीत. बसायला स्टूल दिलं. साहेबांनी बसण्याआधी त्याचा पाय हलवून पाहिला.

काम मात्र चोख होतं. फिटरने बॉनेट उघडलं, आतून क्लिपा दाबून पट्टी सोडवली, गोंद खरवडता खरवडता हे कुणी केलं असं विचारलं आणि उत्तरासाठी थांबला नाही. पत्रा स्पिरिटने दोनदा पुसला. चार भोकांपैकी दोन गंजून रुंद झाली होती, त्यांत नवी क्लिप जात होती पण धरत नव्हती. म्हणून त्याने पट्टीच्या पाठीला पूर्ण लांबीचा, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहाताने दाबत नेला आणि वरून कागदी टेपचे पाच आडवे तुकडे मारले. मग हात पुसत म्हणाला,

“साहेब, क्लिपा नावाला आहेत. खरी पकड टेपची, आणि ती धरायला एक दिवस लागतो. उद्या दुपारपर्यंत हिला हात लावायचा नाही. पाणी नाही, फडकं नाही. आणि तुमची ती दोन बोटं तर अजिबात नाहीत.”

“मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही साहेब, हात जोडतो.”

दुपारी चारपर्यंत साहेबांनी तग धरला. मग बोटं शिवशिवायला लागली. नुसतं बघायचं म्हणून ते खाली गेले, कागदी टेपच्या बाहेर राहिलेलं टोक धरलं आणि ओढलं. टोक केसभर उचललं. त्यांनी ते अंगठ्याने दाबून बसवलं आणि समाधानाने वर आले. अंधार पडेपर्यंत असं सात वेळा झालं. बायकोने खिडकीतून दोनदा पाहिलं आणि हात लावू नका म्हणून बजावलं. तपासणं आणि हात लावणं यात फरक असतो, असं तिला ऐकवण्यात आलं. दर वेळी टोकाखाली थोडी धूळ जात होती. ती कुणालाच दिसत नव्हती.

गुरुवारी कागदी टेपचे तुकडे अलगद सोडवून साहेबांनी गाडी केंद्रावर नेली. खुर्चीत साहेबांच्याच हाताखाली तयार झालेला तपासनीस होता. तो उठून उभा राहिला. दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर पाहिले. बायको पुढच्या सीटवर, मांडीवर झग्यांची पिशवी. इथून परस्पर ताईकडे जायचं ठरलं होतं. तपासनीस बॉनेटपाशी आला, पट्टीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, गाडी छान ठेवलीय म्हणाला आणि शिक्का उचलला.

आता फक्त गप्प बसायचं होतं. भलीभली नालायक माणसं आयुष्यभर हे काम बिनचूक करतात. साहेबांना तेवढं जमलं नाही. मागे रांगेत सात-आठ ड्रायव्हर उभे होते आणि त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, घरचीच गाडी आहे, कोण ओढतंय. साहेबांचे कान लाल झाले.

“ओढून पाहिलंस?” त्यांनी तपासनिसाला विचारलं.

“सर, दिसतेय की नीट.”

“मी तुला काय शिकवलं होतं?”

तपासनिसाने राहू द्या म्हटलं. काचेआडून बायकोने मान हलवून नको म्हटलं. ते साहेबांनी पाहिलं, नक्की पाहिलं. तरी रांगेकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असा हात धरून त्यांनी पट्टीचं टोक पकडलं आणि ओढलं. पट्टी काही कुरकुर न करता अख्खी हातात आली.

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तपासनीस जवळ येऊन हळूच म्हणाला, गाडी बाजूला घ्या, बसवून आणा, मी अजून काही लिहिलेलं नाही.

“लिही,” साहेब म्हणाले.

“सर, काकूंना आज...”

“लिही. सुटा भाग, अपात्र.”

ताठ उभे होते. आणि त्या क्षणी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. पट्टी निघाली ते एक वेळ समजून घेता येईल, हा अभिमान मात्र मला आजतागायत पचलेला नाही.

बायको गाडीतून उतरली. पिशवी घेऊन, दर पावलाला थांबत, रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. गाडी तिथेच ठेवून साहेब मागोमाग गेले. हातात पट्टी तशीच होती. बस आली. दार उघडलं आणि साहेबांची बोटं सवयीने दाराशेजारच्या दांड्याकडे गेली. ओढला. दांडा हलला. ते कंडक्टरकडे वळले आणि त्यांनी तोंड उघडलं.

“ती पट्टी ठेवा खाली,” बायको म्हणाली. “दोन बोटं नाही पुरायची. अख्खा हात द्या.”

साहेबांनी पट्टी थांब्याच्या बाकावर ठेवली आणि हात पुढे केला. तिने तो धरला आणि पहिल्या पायरीला सगळा भार त्यांच्यावर आला. दुसऱ्या पायरीला तिने ओठ आवळले. तिसरीला तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं आणि तिची बोटं त्यांच्या मनगटात रुतली. एकतीस वर्षं जगातली प्रत्येक वस्तू हलवून बघणाऱ्या माणसाला बायकोचे गुडघे किती गेलेत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आतून कंडक्टर म्हणाला, काका, चढा लवकर, आणि त्याने घंटा वाजवली.