खाटेचा कठडा

विमल मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या कॉलेजच्या वॉर्डात शिफ्ट बदलत होती. जाणारी मुलगी येणारीला सांगत होती, सात नंबरच्या आजोबांची पाठ पुसायची राहिली. फोनवर मॅडमचा भाचा म्हणाला, "आते गेली." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मुलीला म्हटलं, पुढे बोल. माणूस किती कोडगं होऊ शकतं बघा.

ती सांगायची पद्धत मॅडमचीच. वेंगुर्ल्याच्या विमल मॅडम, हुद्दा कर्नलचा, मी शिकत होते त्या मिलिटरी नर्सिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून आल्या, तेव्हा तिथे बूट आरशासारखे चकाकत आणि चुका गादीखाली दडत. शिक्षेच्या धाकानं कोणी काही कबूल करत नसे. मॅडमनी एकच नियम केला. आपल्या हातून काय राहिलं, ते पेशंटच्या खाटेपाशी सांगितल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही, आणि सांगेल तिला शिक्षा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचंच सांगितलं, सकाळच्या राउंडला एका जवानाशी न बोलताच त्या पुढे गेल्या होत्या. आम्ही पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो... वर्षभरात वॉर्डाचा नूर पालटला. बाहेरची माणसं बघायला येऊ लागली. आज मी पोलिसांच्या नर्सिंग कॉलेजची प्राचार्य आहे, आणि ही पद्धत इथे रुजवल्याबद्दल माझं कौतुक होतं. माझं! आता खरं काय ते सांगते.

दुसऱ्या वर्षाला असताना मी एका जवानाला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि खाटेचा कठडा वर करायला विसरले. मेसमध्ये जायची घाई. खाटेपाशी उभी राहून "काही राहिलं नाही" म्हणाले आणि निघाले. थोड्याच वेळात तो पडला, मांडीचं हाड मोडलं. माझ्याकडून ड्यूटी घेतलेल्या सरोजवर आळ आला, तिनेच कठडा खाली केला म्हणून. आपण कठड्याला हातही लावला नव्हता, असं ती रडून सांगत होती. मॅडमनी आम्हा दोघींना समोर उभं करून विचारलं. मी गप्प राहिले. मॅडम तिच्यासाठी वरपर्यंत भांडल्या, पण सरोजला घरी पाठवलंच.

मी मालवणजवळच्या कट्टा गावची, त्यामुळे एकट्यात मॅडम माझ्याशी मालवणीतच बोलत. त्या निवृत्त झाल्यावर दर सुट्टीत मी वेंगुर्ल्याला जायची. शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या, भाच्यानं हॉस्पिटलची खाट भाड्याने आणली. शेवटच्या भेटीत निघताना मी कठडा वर केला, हलवून बघितला, पुन्हा हलवला. त्या बघत होत्या.

"काय रवला गो, शालन?"

"काय नाय, मॅडम." पुन्हा तेच, काही राहिलं नाही.

"तू कठडो दोनदा हलवन बघतस. तेव्हापासून." मग डोळे मिटून म्हणाल्या, "माका वाटलेला, आज तरी सांगशीत."

म्हणजे इतकी वर्षं ठाऊक होतं त्यांना... आणि मी काय केलं? एसटी चुकेल म्हणाले आणि पिशवी उचलली. चार दिवसांनी तो फोन.

तेरावं झाल्यावर गेले. खाट तशीच होती, दाराकडचा कठडा वर. भाचा सांगू लागला, त्या चार दिवसांत चादर बदलतानाही आतेनं तो खाली करू दिला नाही, जे काय करायचं ते भिंतीकडून करा म्हणायची. खाट न्यायला माणूस आला होता, त्यालाही यानं परत पाठवलं. का, तर तिचा शब्द होता, "शालन येतली, ती खाली करतली."

त्याला बाहेर जा म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. त्याच्यादेखत त्या रिकाम्या खाटेपाशी उभी राहिले. "कठडा वर करायचा राहिला, मॅडम. सरोजचा काही दोष नव्हता. माझा होता." खटका ओढला. कठडा खाली आला.

सरोजचा पत्ता मिळालाय. हा लेख छापून आला की घेऊन जाणार आहे. ती दार उघडेल, न उघडेल... वॉर्डात माझा हात अजून कठडा दोनदा हलवतो. पहिल्यांदा पेशंटसाठी. दुसऱ्यांदा हलवताना मागे कोणीतरी उभं असतं, आणि मी वळून बघत नाही.